साडेसातला घरात, साडेआठला पानावर: रोजच्या रात्रीच्या स्वैपाकाची नागपुरी पद्धत

रात्रीचा स्वैपाक करायला फार वेळ लागतच नाही, काय करायचं हे ठरवण्यात वेळ जातो. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातून किंवा हिंगणा-बुटीबोरीच्या एमआयडीसीतून सुटून, वर्धा रोडची गर्दी पार करून माणूस साडेसातला दारात येतो, फ्रीज उघडतो, त्यात अर्धी फुलकोबी आणि दोन ढेमसं दिसतात, मग सोफ्यावर बसून पंधरा मिनिटं मोबाइल बघतो आणि आठ वाजता कोणीतरी म्हणतं, जाऊ दे न, बाहेरून बोलावून घेऊ. ते येईपर्यंत नऊ वाजतात. तेवढ्या वेळात डाळभाजी-भात होऊन, जेवून, भांडी पण घासून झाली असती.

आमच्याकडे सोमवार ते शुक्रवार संध्याकाळचा स्वैपाक माझ्याकडे असतो, बायको सकाळचे डबे बघते. त्यामुळे खाली जे लिहितोय ते सगळं रोज वापरातलं आहे, चार माणसांच्या हिशोबाने.

आधी ताट लहान करा

दुपारच्या किंवा सणाच्या ताटाचा हिशोब रात्रीला लावायचा नाही. पोळी, भाजी, वरण, भात, कोशिंबीर, पापड असं सगळं रोज रात्री मांडायला गेलात की गुरुवारपर्यंत तुम्ही थकणार आणि शुक्रवारी पुन्हा हॉटेल. रात्री एक मुख्य पदार्थ करायचा, ज्यात डाळ किंवा अंडं असं काहीतरी दमदार असेल, आणि सोबत एक कच्चं, म्हणजे कांदा, काकडी, मुळा, नाहीतर दही. बस. डाळभाजी असेल तर भात, बेसन (पिठलं) असेल तर भाकर. दोन्ही करायचं नाही. घरातल्या मोठ्यांना हे सुरुवातीला पटत नाही, "रात्री पोळी नाही म्हणजे काय" हे ऐकून घ्यावं लागतं, पण पोटभर गरम जेवण आठ-साडेआठला समोर आलं की तक्रार आपोआप कमी होते.

आणि पोळ्यांबद्दल स्पष्टच सांगतो. गल्लीतल्या पोळीभाजी केंद्रातून किंवा शेजारच्या ताईंकडून पोळ्या विकत घेण्यात काही कमीपणा नाही. पोळ्या हे रात्रीच्या स्वैपाकातलं सगळ्यात वेळखाऊ काम आहे, भाजी घरची आणि पोळ्या बाहेरच्या असं चालतं. उलटं मात्र करू नका, तेल-मीठ सगळं भाजीतच असतं.

रविवारचा दीड तास

याला टाळाटाळ केली तर पुढचं काही जमत नाही.

बाजार रविवारी सकाळी. कॉटन मार्केटला लवकर गेलात तर माल ताजा आणि स्वस्त, पण मोठ्या मापात घ्यावा लागतो, दोन घरं मिळून घेतलं तर परवडते. नाहीतर गोकुळपेठ आहेच, आणि सक्करदऱ्याकडे राहत असाल तर बुधवार बाजारातून आठवड्याच्या मधली भर घालता येते. डाळी, भरडा, सुकं खोबरं, खसखस असं किराणा इतवारीतून महिन्याचं एकदम आणायचं.

भाजी घेतानाच दिवस ठरवून घ्या, जी लवकर खराब होते ती आधी. पालक, मेथी, चुका सोमवार-मंगळवारी संपवायचा. बुधवार-गुरुवारी वांगी, बरबटी (चवळीच्या शेंगा), फुलकोबी. शुक्रवारी आलू, कोहळं, कांदे, जे कुठे जात नाही. हे कागदावर लिहून फ्रीजला चिकटवा, दोन शब्दांत, "सोम डाळभाजी, मंगळ गोळाभात" एवढंच. कोणी विचारलं आज काय तर कागदाकडे बोट दाखवायचं. मी तर म्हणेन पूर्ण लेखातलं एवढंच जरी केलं तरी अर्धं काम झालं.

पालेभाजी धुऊन ठेवायची नाही, ओली राहिली की दोन दिवसांत सडते. देठं काढायची, खराब पानं निवडायची आणि कोरड्या सुती कपड्यात गुंडाळून डब्यात. धुवायची ती चिरायच्या आधी. सांबार (कोथिंबीर) पण तसाच.

मग वाटण. चार मोठे कांदे उभे चिरून थोड्या तेलात चांगले तांबूस होईपर्यंत परतायचे, घाई केली तर रस्सा कच्चट लागतो, मध्यम आचेवर पंधरा-वीस मिनिटं द्यायचीच. बाजूला अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचे काप, चमचाभर खसखस, दोन चमचे धने कोरडे भाजून घ्या. त्यात वीस-एक लसूण पाकळ्या, दोन इंच अद्रक, आणि सगळं थंड झाल्यावर कमीत कमी पाण्यात वाटा. बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरला लावा, घट्ट झाले की ठोकळे काढून पिशवीत टाका. फ्रीझरमध्ये महिनाभर आरामात, नुसत्या फ्रीजमध्ये चार-पाच दिवस. चार माणसांच्या रश्श्याला तीन-चार ठोकळे लागतात. यात तिखट-मसाला घालून ठेवू नका, तो त्या त्या दिवशी, कारण एक दिवस साधी आलूची भाजी असते आणि एक दिवस सावजी म्हणजे नागपुरी झणझणीत मसाल्याचा अंडा रस्सा, वाटण दोन्हीला तेच.

याशिवाय फल्लीदाणे (शेंगदाणे) भाजून कूट करून ठेवायचा, लसूण सोलून डब्यात, आणि हिवाळा असेल तर तुरीच्या शेंगा. डिसेंबर-जानेवारीत हिरव्या शेंगा मिळतात तेव्हा टीव्ही बघता बघता सगळ्यांनी बसून सोलायच्या, दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून लगेच थंड पाण्यात काढायचे, पाणी निथळून, कपड्यावर कोरडे करून फ्रीझरमध्ये. पुढे फेब्रुवारी-मार्चपर्यंत या दाण्यांची, म्हणजे सोले-वांग्याची भाजी वीस मिनिटांत होते, आणि बिना सोल्याचा हिवाळा नागपुरात धरतच नाहीत.

कणीक रोज भिजवायची गरज नाही. दोन दिवसांची एकदम भिजवा, वरून तेलाचा हात फिरवून झाकणाच्या डब्यात फ्रीजला. वरचा थर थोडा काळपट होतो, तो हवेमुळे, त्याने पोळी बिघडत नाही. आंबूस वास आला तर मात्र फेका.

सकाळी निघताना पाच मिनिटं

डाळ धुऊन भिजत घाला. तुरीच्या डाळीला अर्धा तास भिजणं पुरे होतं, पण संध्याकाळी तो अर्धा तासच नसतो म्हणून सकाळी. आता इथे नागपूरचा घोळ असा, की एप्रिल-मे मध्ये डाळ दिवसभर ओट्यावर भिजत ठेवली तर संध्याकाळी फेस आलेला असतो. त्यामुळे होळी झाली की भिजवलेली डाळ सरळ फ्रीजमध्ये ठेवायची, पावसाळा लागेपर्यंत.

राजमा-छोले करायचे असतील तर आदल्या रात्रीपासून भिजवा, भिजवलेलं पाणी फेकून द्या, आणि राजमा कधीही अर्धकच्चा खाऊ नका, त्यात पोट बिघडवणारं एक द्रव्य असतं, ते दहा मिनिटं खळखळून उकळल्यावरच जातं. कुकरला व्यवस्थित शिजवला तर प्रश्न नाही.

घरी आल्यावरचा क्रम

चप्पल काढली, हात धुतले की आधी कुकर. चहा नंतर, कपडे बदलणं नंतर, मोबाइल तर अजूनच नंतर. या एका सवयीने घड्याळात वीस मिनिटं वाचतात कारण कुकर त्याचं काम एकटा करतो, त्याच्याजवळ उभं राहावं लागत नाही. खालच्या डब्यात डाळ, वरच्या डब्यात तांदूळ, बाजूला जागा असेल तर दोन आलू नाहीतर धुतलेली अंडी. कुकरच्या आत दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, उघड्या गंजात (पातेल्यात) ते १०० च्या वर जात नाही, म्हणून जी डाळ गंजात पाऊण तास घेते ती इथे दहा-बारा मिनिटांत गळते. पहिली शिट्टी झाली की आच मंद करा, मोठ्या आचेवर शिट्ट्यांवर शिट्ट्या काढल्याने आतलं तापमान वाढत नाही, फक्त वाफ आणि गॅस जातो.

डाळ शिजतच नाही अशी तक्रार शहराच्या बाहेरच्या नव्या लेआउटमध्ये बरेच जण करतात, त्याचं कारण बहुतेक वेळा बोअरचं जड पाणी असतं. नळाचं किंवा फिल्टरचं पाणी घेऊन बघा, नाहीतर चिमूटभर खायचा सोडा. दुसरं कारण आंबट. चिंच, टमाटर, चुका डाळीसोबत कुकरात टाकला की डाळ कडक राहते, आंबट नेहमी डाळ शिजल्यावर. तिसरं, डाळच जुनी असेल तर मग इलाज नाही, जास्त वेळ द्या.

तांदूळ एचएमटी असेल तर दुप्पट पाणी पुरतं, नवा असेल तर थोडं कमी. आपल्याकडे रोजच्या भाताला एचएमटी चालतो तो बारीक असल्यामुळे लवकर होतो, शिवाय चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी स्वतःच्या शेतात निवडून काढलेलं वाण आहे ते, शेतकऱ्याने काढलेलं, त्यामुळे मला तरी त्याचं कौतुक आहे. असो.

कुकर चढवला की मग चहा ठेवा आणि चहा होईस्तोवर भाजी धुऊन चिरा. कुकर बंद केल्यावर दाब आपोआप उतरायला आठ-दहा मिनिटं लागतात, तेव्हा फोडणी. म्हणजे तुम्ही ओट्याजवळ खरे उभे असता ते फार तर पंचवीस मिनिटं.

डाळभाजी

सोमवारचा पदार्थ, कारण पालक रविवारचा आहे. लग्नाच्या पंगतीतली डाळभाजी सगळ्यांना आवडते आणि घरी केली की पाणचट होते, त्याचं कारण फोडणी कंजूष आणि डाळ पूर्ण घोटलेली.

पाऊण वाटी तुरीची डाळ, दोन चमचे चणाडाळ, मूठभर कच्चे फल्लीदाणे, हळद, हिंग, थेंबभर तेल, अडीच वाट्या पाणी, कुकरला पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. चणाडाळ आणि दाणे अख्खे दिसले पाहिजेत, तेच तोंडात येतात तेव्हा मजा. तोपर्यंत कढईत चमचाभर तेलावर बारीक चिरलेला पालक एक जुडी आणि चुका अर्धी जुडी, चार-पाच मिनिटांत बसतो, झाकण ठेवू नका म्हणजे हिरवा राहतो. एक चमचा बेसन पाण्यात कालवून त्यात टाका, मग डाळ पळीने नुसती ढवळून, रवी न लावता ओता. मीठ, लहानसा गुळाचा खडा, पाच-सात मिनिटं उकळी.

आता फोडणी वेगळ्या कढल्यात. तीन मोठे चमचे फल्ली तेल, हो तीन, मोहरी तडतडली की दहा-बारा लसूण पाकळ्यांचे जाड काप. इथे हलायचं नाही. लसूण पांढरा, मग कडेने पिवळा, मग एकदम बदामी होतो, बदामी झाला की लगेच तीन-चार लाल मिरच्या, गॅस बंद, आणि दहाएक सेकंद थांबून मग तिखट. गॅस चालू असताना तिखट टाकलं की करपून काळं पडतं आणि भाजी कडवट. भिवापुरी मिरचीचं तिखट असेल तर अर्धा चमचाच टाका, जोर असतो त्यात. ही फोडणी अर्धी भाजीत ओतून लगेच झाकण, एक मिनिट. उरलेली अर्धी वाटीत घेऊन ताटात भातावर.

गोळाभात

पाहुण्यांचा पदार्थ समजून लोक हा रोज करत नाहीत, पण मला विचाराल तर कामाच्या दिवसासाठी याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही, एका गंजात पूर्ण जेवण, भाजी चिरायची कटकट नाही, पोळी नाही.

चणाडाळीचा भरडा लागतो, पॅकेटचं बारीक बेसन चालत नाही, त्याचे गोळे चिकट आणि घट्ट होतात. चक्कीवाल्याला चणाडाळ जाडसर, रव्यासारखी दळून दे म्हणून सांगायचं, किलोभर दळून ठेवलं की झालं. दीड वाटी भरड्यात तिखट, हळद, हिंग, जिरं, मीठ, भरपूर सांबार, आणि दोन मोठे चमचे कडकडीत तापवलेलं तेल. तेल ओतलं की चर्र आवाज आला पाहिजे. चमच्याने कालवून, हाताला सोसेल इतकं झालं की सगळ्या पिठाला तेल चोळा, मुठीत दाबलं की मूठ बांधली जाते एवढं मोहन हवं. मग थोडं थोडं पाणी घेऊन भिजवायचं, घट्ट नाही आणि सैलही नाही, आणि दहा मिनिटं तसंच ठेवा, भरडा पाणी ओढतो. कोरडं वाटलं तर पुन्हा एक-दोन चमचे पाणी. निंबूएवढे गोळे.

भात कुकरात नाही, जाड बुडाच्या गंजात. साडेचार वाट्या पाणी मिठासोबत उकळायला ठेवून त्यात दोन वाट्या धुतलेले तांदूळ. तांदूळ जवळपास शिजत आला आणि पाणी भाताच्या पातळीच्या जरा खाली गेलं, वर छोटे छोटे खड्डे दिसायला लागले, की गोळे अलगद भातात अर्धे दाबून बसवायचे. लवकर टाकले तर विरघळतात, उशिरा टाकले तर वाफ कमी पडून आतून कच्चे राहतात. घट्ट झाकण, गंजाखाली तवा, मंद आच, बारा ते पंधरा मिनिटं. एक गोळा फोडून बघा, आतून कोरडा आणि मोकळा असला की झाला.

ताटात गोळा भातात कुस्करून, वरून हिंग-मोहरी-लाल मिरचीची गरम फोडणी, निंबू. सोबत चिंचेचं सार असेल तर फारच छान, नसेल तर ताक. फोडणीचं तेल वाचवू नका, गोळाभात कोरडा लागतो तो तिथेच. पोरं तिखट खात नसतील तर दोन-चार गोळे बिना तिखटाचे, वेगळ्या कडेला बसवा, लक्षात राहायला त्यांच्यावर एक-एक फल्लीदाणा दाबून ठेवा.

बाकीचे दिवस

बेसन-भाकर. एक वाटी बेसन तीन वाट्या पाण्यात आधीच गुठळी न ठेवता कालवून घ्या आणि कांदा-लसूण-हिरव्या मिरचीच्या फोडणीत ढवळत ढवळत ओता, झाकण ठेवून दहा मिनिटं. भाकर थापताना फाटते त्याचं कारण ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून पीठ अगदी कडक गरम पाण्याने मळायचं आणि भरपूर मळायचं.

मुंगवड्यांचा रस्सा. उन्हाळ्यात वाळवलेल्या वड्या डब्यात असतात तेव्हा फ्रीज रिकामा असला तरी चालतो. वड्या तेलात लालसर परतून थोड्या ठेचून घ्या, दोन-तीन ठोकळे वाटण, एक आलू, तिखट, मसाला, गरम पाणी, पंधरा मिनिटं.

अंडा रस्सा. अंडी कुकरात वरणासोबत उकडलेली आहेतच, सोलून सुरीने चिरा द्यायच्या म्हणजे रस्सा आत जातो. चार ठोकळे वाटण तेल सुटेपर्यंत परतून, सावजी मसाला दीड चमचा, पाणी, दहा मिनिटं खळखळ. बाजारात जो तयार सावजी मसाला मिळतो तो चांगला असतो, घरी कुटत बसायची गरज नाही. तर्री (लाल तेलाचा तवंग) वर यायला हवी असेल तर पाणी गरमच घाला आणि नंतर आच मंद. मटण मात्र रविवारीच, सावजी मटण कामाच्या दिवशी करायची हौस असेल तर जेवण दहा वाजता होईल हे धरून चाला.

भरीत. वांगी गॅसवर भाजायला पंधरा मिनिटं, तेवढ्यात कांद्याची पात आणि मिरच्या चिरून होतात. हिवाळ्यातच करा, उन्हाळ्यातल्या वांग्यांत बियाच जास्त.

एप्रिल, मे, जून

पारा ४५ च्या वर गेला की संध्याकाळी गॅससमोर उभं राहवत नाही, कूलर स्वैपाकघरात लावला तर गॅस विझतो. या दिवसांत सगळं उलटं फिरवायचं. सकाळी सहाला, डब्यासोबतच, रात्रीची डाळ शिजवून थंड करून फ्रीजमध्ये. रात्री फक्त फोडणी आणि भात. आठवड्यातून एक दिवस दहीभात, कच्चा कांदा, कैरीची चटणी, त्यात लाजायचं काय. इंडक्शन असेल तर बाल्कनीत घेऊन जा, खरंच, तिथे निदान हवा असते.

शिजवलेलं अन्न बाहेर ठेवण्याबद्दल या तीन महिन्यांत कडक राहा. एरवी दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, मे महिन्यात एका तासात. विशेषतः भात, कारण भातातले काही जंतू शिजवूनही पूर्ण मरत नाहीत, भात गरम वातावरणात तसाच पडून राहिला की ते वाढतात आणि त्यांचं विष नंतर गरम केल्यानेही जात नाही. भात परातीत पसरवा, पंख्याखाली लवकर निवतो, मग डब्यात.

उरलेलं

डाळभाजी उरली तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातच कणीक भिजवून पराठे, डब्याचं काम होतं. गोळे उरले तर कुस्करून कांद्यासोबत परता. भात उरला तर फोडणीचा भात, पण वाफ निघेस्तोवर गरम करून, आणि एकदाच. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा शुक्रवारी रात्री पण चालतो, वर फल्लीदाणे आणि शेव घातली की पोरं दुसऱ्यांदा मागतात. वाटणाचे ठोकळे किती उरले ते शनिवारी बघून घ्या, चारच्या खाली गेले असतील तर रविवारच्या यादीत कांदे आणि खोबरं लिहून टाका.